रानातल्या रणोन्मत्ताची कैफियत

काल्पनिक जगाच्या कादंबऱ्यांत, चित्रपटांत आणि अलीकडे संगणकावरील खेळांत एक पुरुष हमखास भेटतो. अंगावर श्वापदाचे कातडे, हातात दुधारी परशू, मस्तकावर जटांचा भार, आणि एकदा रणवाद्य वाजले की आपपरभाव विसरून, स्वतःच्या जखमांचेही भान न ठेवता समोर येईल त्याला कापीत सुटणारा हा डोंगरी टोळीतला वीर वाचकाला भीतीही घालतो आणि भुरळही. तो बोलतो थोडे, विचार करतो त्याहून थोडे. संताप हीच त्याची विद्या आणि तीच त्याची शिबंदी. असा मनुष्य खरोखर कधी होता काय, आणि ज्यांना ही उपाधी बहाल झाली त्यांनी प्रत्यक्षात काय केले, हा प्रश्न वरवर करमणुकीचा वाटला, तरी पनवेलसारख्या ठिकाणी बसून त्याचा विचार करू लागले म्हणजे त्याला निराळेच वजन येते. एका अंगाला प्रबळगड, दुसऱ्या अंगाला कर्नाळ्याचा सुळका, त्यांच्या उतरणीवर कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्या, आणि अवघ्या काही कोसांच्या टापूत शिरढोण, पळस्पे व चिरनेर ही गावे: या मुलखात ‘रानटी’ म्हणून गणल्या गेलेल्या माणसांनी शंभर वर्षांच्या अवधीत तीनदा सरकारला आपली दखल घ्यायला लावली आहे.

प्रथम या पुरुषाची परदेशी वंशावळ पाहणे इष्ट होईल, कारण आजच्या काल्पनिक वाङ्मयातला त्याचा साचा तिकडून आला आहे. नॉर्वेचा राजा हाराल्ड याच्या पदरी असे उन्मत्त लढवय्ये होते असे एक जुने स्तुतिकाव्य सांगते. आणि तेराव्या शतकात आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसन याने ओडिन देवाच्या माणसांचे वर्णन करताना ते चिलखताविना लढत, लांडग्यांसारखे पिसाळत, ढालींचे काठ चावीत, आणि त्यांना अग्नीची वा लोखंडाची बाधा होत नसे, असे लिहून ठेवले. स्नोरी स्वतः ख्रिस्ती होता आणि ज्या देवधर्माचे तो वर्णन करीत होता तो त्याच्या देशात केव्हाच मोडीत निघालेला होता, ही गोष्ट विसरून चालत नाही. स्कॉटलंडच्या ल्यूइस बेटावर १८३१ साली वॉलरसच्या दातांत कोरलेली बाराव्या शतकातली बुद्धिबळाची मोहरी सापडली. त्यांतले काही हत्ती ढालीचा काठ दातांनी करकचून धरलेल्या शिपायांच्या रूपात घडवलेले असून, वटारलेले डोळे आणि ढालीत रुतलेली दातांची पंगत पाहताना कोरणाऱ्या कारागिराला भीतीपेक्षा गंमतच अधिक वाटत असावी, असे मनात येते. पुढे १७८४ साली स्वीडनच्या सॅम्युएल एडमान याने हा उन्माद विषारी अळंब्यांच्या सेवनाने येत असावा असा तर्क मांडला. तो तर्क सिद्ध झाला नाही, परंतु लोकांच्या मनातून गेलाही नाही.

या सर्व साहित्यात आम्हांला सर्वांत बोलका वाटतो तो आइसलँडचा जुना कायदा. ‘ग्रागास’ या संहितेत अशा उन्मादात शिरणाऱ्यास तीन वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा सांगितली आहे, आणि जवळ उभे असणाऱ्यांनी त्याला आवरले नाही तर त्यांनाही दोषी धरले आहे. म्हणजे कवींनी ज्याला दैवी आवेश मानले, त्याला त्याच समाजातल्या न्यायाधीशांनी आवरता येण्याजोगे गैरवर्तन मानले. आधुनिक काळात मात्र कवींची बाजू जिंकली. अमेरिकेत रॉबर्ट हॉवर्ड याने १९३२ साली कोनान हा रानटी वीर मासिकांतून चालता केला. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला, १९८५ च्या सुमारास त्यात ‘रानटी’ हा योद्ध्यांचा एक स्वतंत्र वर्गच दाखल झाला, आणि पुढच्या आवृत्त्यांत त्या वर्गातल्या वीराने दिवसातून किती वेळा संतापावे याचेही कोष्टक ठरले. संताप आहे, पण तो कशाबद्दल आहे याचा रकाना त्या कोष्टकात नाही.

आपल्या परंपरेला हा पुरुष अनोळखी नव्हता. महाभारतात हिडिंबेचा पुत्र घटोत्कच चौदाव्या दिवसानंतरच्या रात्रीच्या युद्धात कौरवसेनेची दाणादाण उडवतो, कर्णाला अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती त्याच्यावर खर्च करावी लागते, आणि पडता पडताही तो आपला देह प्रचंड वाढवून शत्रूचे सैन्य चिरडतो. पांडव शोक करीत असताना श्रीकृष्ण मात्र हर्षित होतो. आणि कर्णाने याला मारले नसते तर मलाच पुढे कधी तरी मारावे लागले असते, अशा आशयाचे जे उत्तर तो अर्जुनाला देतो, ते निर्दय असले तरी प्रामाणिक आहे. रानातला योद्धा संकटकाळी हवा असतो आणि राज्य स्थिरस्थावर झाले की नकोसा होतो, हे सूत्र व्यासांनी इतक्या उघडपणे मांडून ठेवले आहे, की पुढच्या इतिहासात ते वारंवार आढळले तर नवल वाटू नये.

आता कल्पनेतून दप्तराकडे वळू. पुरंदरच्या पायथ्याचे भिवडी हे उमाजी नाइकांचे गाव. गडाच्या मेटांची राखण रामोशांकडे वंशपरंपरेने चालत आलेली, आणि तिच्या मोबदल्यात त्यांना जमिनी व हक्क होते. १८१८ साली पेशवाई बुडाली, गड ओस पडले, आणि ज्या हक्कांवर कुटुंबेच्या कुटुंबे जगत होती ते निरुपयोगी झालेल्या राखणीबरोबर खालसा होऊ लागले. या तडाख्यातून उमाजींचे बंड उभे राहिले. ते घाट उतरून कोकणात येत. पनवेलच्या माथ्यावरच्या प्रबळगडावर त्यांचा काही काळ मुक्काम होता. पण बंडातले जे अंग काल्पनिक वीराच्या साच्यात मुळीच बसत नाही ते असे, की हा मनुष्य जाहीरनामे काढीत असे. कंपनीला वसूल देऊ नये, तो आपल्याकडे भरावा, अशी फर्माने गावोगाव पाठवणारा पुरुष शुद्ध हरपलेला नसतो. तो राज्य कशाने चालते हे ओळखून असतो. कैदेत असताना उमाजी लिहायवाचायला शिकले होते. कंपनीने त्यांना एकदा माफी देऊन बंदोबस्ताच्या कामावरही नेमून पाहिले, आणि ते जमेना तेव्हा दहा हजार रुपयांचे व चारशे बिघे जमिनीचे इनाम त्यांच्या शिरावर लावले. १८३१ च्या डिसेंबरात, म्हणजे ल्यूइस बेटावर ती ढाल चावणारी मोहरी सापडली त्याच वर्षी, ते फितुरीने पकडले गेले आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात फासावर गेले. त्यांना कैदेत असताना जवळून पाहिलेल्या कॅप्टन मॅकिन्टॉश या अंमलदाराने १८३३ साली रामोशांवर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात दरोडेखोराची निंदा आहे तशीच एका चतुर प्रतिस्पर्ध्याविषयीची आदरयुक्त कुतूहलबुद्धीही आहे. आणि तिच्यामुळेच ते पुस्तक आजही वाचनीय राहिले.

अकोले भागातले महादेव कोळी राघोजी भांगरे यांची हकीकत याहून उग्र आहे. त्यांच्या माणसांनी सावकारांची नाके कापली, ही गोष्ट अंगावर काटा आणणारी खरी. पण कोणाची नाके, हा प्रश्न विचारला की तिचा अर्थ पालटतो. वाटेत आला त्याला कापले असा तो प्रकार नव्हता. ज्याच्या खतावणीत आपली जमीन अडकली त्याला हुडकून काढून, जीव न घेता त्याची अब्रू घ्यावी, असा त्यात निवाडा दिसतो. निवाडा क्रूर असेल, पण तो निवाडा आहे, झपाटलेपण नव्हे. राघोजींना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्या काळी पनवेलही ठाणे जिल्ह्यातच मोडत होते. खानदेशच्या भिल्लांबाबत एक नोंद तेवढी पुरे आहे. ज्या भिल्लांना सुधारणेपलीकडचे रानटी म्हणून सरकारी कागद हिणवीत होते, त्यांचीच पलटण जेम्स औट्रॅम याने १८२५ पासून उभारली, त्यांना कवायत शिकवली आणि पगारपत्रकावर आणले. आणि १८५८ साली अंबापाणीला भिल्लांनी कंपनीशी निकराची झुंज दिली तीही खाज्या व भीमा या नाइकांच्या हुकमतीखाली. रक्तात उन्माद असता तर तो पगारपत्रकावर आला नसता, आणि हुकमतही त्याने मानली नसती.

पनवेलकरांना जवळचा वाटावा असा प्रसंग १८७९ चा. तालुक्यातल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात नोकरीस होते. १८७६-७७ च्या दुष्काळात लोक अन्नान्न करून मरताना त्यांनी पाहिले, शिकल्यासवरलेल्यांना हाका मारून पाहिल्या, आणि अखेर रामोशी, कोळी, धनगर यांची टोळी जमवली. त्यांचा उजवा हात दौलतराव नाईक रामोशी. १८७९ च्या मेमध्ये दौलतराव सह्याद्री उतरून आले, १० व ११ तारखांना त्यांनी पनवेलजवळच्या पळस्पे व चिखली या गावांवर छापा घालून सुमारे दीड लाखाचा ऐवज नेला, आणि परतीच्या वाटेवर मेजर डॅनियल याच्या फौजेशी झालेल्या चकमकीत ते ठार झाले. त्यांच्या मृत्यूने बंडाचा कणाच मोडला. फडक्यांना जुलैत विजापूरच्या बाजूस पकडले, एडनला धाडले, आणि तेथेच १८८३ च्या फेब्रुवारीत त्यांचा अंत झाला.

या प्रकरणाचा आढावा घेताना एक विसंगती नजरेआड करता येत नाही. फडक्यांचा पुतळा आहे, चरित्रे आहेत, शाळेच्या पुस्तकात धडा आहे. दौलतरावांचे नाव त्या धड्यातल्या एखाद्या वाक्यात येते. फडक्यांनी स्वतःच्या आत्मवृत्तात आपल्या रामोशी सोबत्यांविषयी निराशा व्यक्त केली आहे. त्यांना स्वराज्याहून लुटीच्या वाटणीचे अगत्य अधिक, अशी त्यांची तक्रार होती. तक्रार अगदी खोटी असेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु दुष्काळात ज्याच्या घरी दाणा नाही त्याने वाटणीची चौकशी करावी, यात रानटीपण कोणते? पगार सोडून आलेल्या कारकुनाचा त्याग आणि हक्क गेलेल्या राखणदाराची भूक यांना एकाच मापाने मोजण्यात देशभक्तासारख्या देशभक्ताचीही गफलत झाली. घटोत्कचाकडे पाहण्याची जी दृष्टी व्यासांनी दाखवून दिली, तिच्यापासून ही फार दूर नाही.

तिसरा प्रसंग चिरनेरचा. आणि तो सर्वांत अधिक विचार करायला लावणारा आहे, कारण येथे फौज नाही, टोळी नाही आणि लूटही नाही. १९३० च्या सविनय कायदेभंगात महाराष्ट्रात मिठाच्या जोडीने जंगल सत्याग्रह झाले. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर आसपासच्या गावांतले आगरी, कोळी, कातकरी कोयते घेऊन राखीव जंगलातली झाडे तोडायला चढले. पोलिसांनी गोळीबार केला. नाग्या महादू कातकरी, धाकू गवत्या फोफेरकर आणि आणखी सहा जण हुतात्मा झाले. मामलेदार जोशी हेही त्या दिवशी प्राणास मुकले. सरकारी बाजूने जमावाला हिंसक ठरवले, राष्ट्रीय पक्षाने त्याला शांततामय म्हटले, आणि खटला बराच गाजला. दरवर्षी त्या तारखेला चिरनेरच्या स्मारकापाशी मानवंदना होते.

येथे त्या कोयत्याकडे जरा निरखून पाहिले पाहिजे. काल्पनिक चित्रात आदिवासीच्या हातातले पाते नेहमी शस्त्र असते. चिरनेरला ते अवजार होते, आणि कातकऱ्याच्या हातात तर ते पिढ्यान्‌पिढ्यांचे अवजार होते. कारण खैराचे झाड तोडून कात काढणे हाच या जमातीचा कुळधंदा. जुन्या गॅझेटियरकारांनी या धंद्याची जी माहिती नोंदवली आहे ती मोठी मनोवेधक आहे: हंगामाच्या आरंभी रानातले एक खैराचे झाड निवडायचे, त्याला शेंदूर फासायचा, नारळ वाहायचा, ऊद जाळायचा, आमच्या हाताला यश दे म्हणून विनवायचे, आणि मगच कुऱ्हाड लावायची; नंतर लाल गाभ्याचे बारीक ढलपे काढून ते मडक्यांत तासन्‌तास उकळायचे, काढा आटून दाट झाला की त्याच्या वड्या पाडायच्या. जंगल कायद्याने राने राखीव झाली, खैर सरकारजमा झाला, आणि ज्या झाडाची पूजा करून कुऱ्हाड लावायची त्याला हात लावणे हा गुन्हा ठरला. पुढे कोळसा पाडणे, वीटभट्टीवर राबणे, उचल घेऊन हंगामभर परागंदा होणे ही त्या धंद्याची जागा घेत गेली. याच गॅझेटियरांत कातकऱ्यांवर चोरीचा व व्यसनाचा ठपकाही भरपूर आहे. कोणता धंदा कोणत्या कायद्याने गेला आणि मग चोरी कोठून आली, ही दोन पाने एकमेकांसमोर ठेवण्याची तसदी मात्र त्या लेखकांनी घेतली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने तर जन्मालाच गुन्हा मानले. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले.

मग डोंगरी जमातींत उन्माद नाहीच काय? आहे, पण तो जिथे शोधला जातो तिथे नाही. देवाच्या नावाने अंगात येणे, वारे येणे, घुमणे, हे कातकरी, ठाकूर, वारली यांच्यात आहे, तसेच ते घाटावरच्या कुणब्यांत आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांतही आहे. वाघदेवाच्या नावाने थरथरत घुमणारा मनुष्य पाहिला म्हणजे स्नोरीच्या लांडग्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु या आवेशाला तिथी असते, वाद्य असते, भगत असतो. कोणी विचारायचे, देवाने काय सांगायचे, वारे केव्हा उतरवायचे, याचा दंडक असतो. आणि सरतेशेवटी घुमणाऱ्याला पाणी पाजून जागेवर बसवणारे नातलग भोवती उभे असतात. आइसलँडच्या कायद्याने शेजाऱ्यांवर जी जबाबदारी टाकली, ती आमच्या वाड्यांवर कायद्याविनाच पाळली जात आली आहे. हा उन्माद युद्धासाठी राखलेला नाही. तो बहुधा आजार, पीक, हरवलेले ढोर आणि घरातले भांडण यांच्या सल्लामसलतीसाठी आहे. कातकऱ्यांनी स्वतःचे जे युद्धकाव्य जपले तेही निराळेच: रामाबरोबर लंकेवर चालून गेलेल्या वानरसेनेचे आम्ही वंशज, असे ते सांगत आल्याची नोंद आहे. ज्या जमातीला इतरांनी टोळीबाज म्हटले, तिने स्वतःला सेतू बांधणाऱ्या सेनेत भरती करून घेतले.

मराठी वाङ्मयाने या पुरुषाचे काय केले, हे थोडक्यात पाहू. अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या पहिल्या पिढीत भिल्ल हा अरण्यात राजकन्येची वाट अडवणारा खलपुरुष, नाही तर तिला आश्रय देणारा भोळा पाटील, या दोन सोंगांपलीकडे सहसा गेला नाही. फरक पडला तो आतून लिहिले जाऊ लागल्यावर. अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’त (१९५९) गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या मांग समाजातला नायक दुष्काळात धान्य लुटतो, त्याचा पराक्रम धगधगीत आहे, पण दाणा कोणाच्या घरी गेला हे लेखक एकदाही विसरत नाही. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० चे पुस्तक १९४५ च्या वारली उठावाची हकीकत सांगते, आणि वेठ संपवण्यासाठी संघटित झालेला वारली त्यात जितका धीट दिसतो तितकाच विचारी दिसतो. या दोन्ही पुस्तकांत क्रोध आहे, आणि तो वाचकाला पोळतो. पण क्रोधाचे कारण वाचकाला क्रोधाच्या आधी कळते.

उलट बाजूने होणारा अतिरेकही नोंदवला पाहिजे. अलीकडे या सर्व बंडांना एकसारखे निष्कलंक क्रांतिकार्य ठरवण्याची प्रथा पडली आहे. पळस्प्यातल्या ज्या घरांवर दरोडा पडला त्या घरांतल्या बायकापोरांची भीती खरी होती. नाके कापली गेलेली माणसे जन्मभर तोंड लपवून वावरली असतील. आणि चिरनेरला मेलेला मामलेदारही कोणाचा तरी पोशिंदा होता. रानटी म्हणून ज्यांची माणुसकी काढून घेतली, त्यांना देव्हाऱ्यात बसवले तरी ती परत मिळत नाही. त्यांनी काय केले, कोणाला केले, कोणाला मुद्दाम सोडले, आणि त्याआधी त्यांचे काय गेले होते, एवढे नेमके सांगणे हाच त्यांचा खरा सन्मान.

या सगळ्या पुराव्यावरून आमचा निष्कर्ष असा. विचारशून्य रणोन्मत्त हा बहुतांशी दुसऱ्या पक्षाच्या लेखणीतून उतरलेला पुरुष आहे: ख्रिस्ती झालेल्या लेखकाने वर्णिलेला जुन्या देवांचा भक्त, राजकुळाच्या कवीने रंगवलेला हिडिंबापुत्र, कंपनीच्या अंमलदाराने नोंदवलेला रामोशी. जिथे जिथे त्या पुरुषाच्या स्वतःच्या कृतींचा माग लागतो, तिथे तिथे जाहीरनामा, निवडलेला शत्रू, मानलेली हुकमत आणि गमावलेला हक्क यांपैकी काही तरी हाती येतेच. म्हणून काल्पनिक जगात असा वीर उभा करू इच्छिणाऱ्या मराठी लेखकाने परशूचे वजन ठरवण्याआधी त्या जगातला जंगल कायदा लिहावा, सावकाराची खतावणी लिहावी, आणि वीराच्या गावातले एक झाड ठरवून त्याच्यावर कोणाची मालकी आहे ते सांगावे. मग तो वीर आपोआप भयंकर होईल, आणि वाचकाला त्याच्या बाजूने उभे राहावे की नाही याचा विचारही करावा लागेल.

इतिहासकारांकडे मागणे याहून साधे आहे. आज कातकरी जमात महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित अशा तीन आदिवासी जमातींत गणली जाते, आणि कित्येक वाड्यांखालची जमीन अद्याप तेथे राहणाऱ्यांच्या नावे नाही. उमाजींविषयी मॅकिन्टॉशने लिहिले, फडक्यांनी स्वतः लिहिले, चिरनेरचा खटला कोर्टाच्या कागदांत आहे. नाग्या कातकऱ्याच्या वाडीने त्या दिवसाविषयी आपल्या नातवंडांना काय सांगितले, ते तोंडी आहे आणि सांगणारी माणसे म्हातारी होत आहेत. दप्तरात एकाच पक्षाची कैफियत दाखल असताना निकाल देणे कोणत्याही मामलेदाराला शोभले नसते; पनवेल-उरणच्या शाळा-महाविद्यालयांनी दुसऱ्या पक्षाची जबानी आता उतरवून घ्यावी.